वर्गातील तंत्रज्ञान आणि शिक्षकाचे स्थान

अलीकडे शिक्षणविषयक कोणत्याही परिसंवादात एक प्रश्न हमखास विचारला जातो : संगणक, स्मार्ट फलक आणि आता माणसासारखी उत्तरे देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता हाती आल्यावर शिक्षकाची आवश्यकता उरेल काय? विचारणारे बहुधा उत्तर मनाशी ठरवूनच आलेले असतात. कोणी म्हणतो, गुरूची जागा कोणीही घेऊ शकत नाही, आणि टाळ्या पडतात. कोणी म्हणतो, येत्या दहा वर्षांत शाळाच राहणार नाहीत, आणि सभागृह चिंतातुर होते. प्रस्तुत लेखात या दोन्ही घोषणा बाजूला ठेवून आजवर प्रत्यक्षात काय घडले, याचा शोध घ्यावयाचा आहे. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात, आणि त्यातही निवासी शाळेत शिकणाऱ्या-शिकविणाऱ्यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ चर्चेचा नाही. कोणत्या गावाला शिक्षक मिळेल आणि कोणत्या गावात त्याच्याऐवजी पडदा टांगला जाईल, हे पुष्कळ अंशी याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरणार आहे.

शिक्षकाला पर्याय सापडल्याची द्वाही नवी नाही. चलच्चित्राचा संशोधक एडिसन याने १९१३ सालीच असे भाकीत केले होते की, शाळांतून पुस्तके लवकरच हद्दपार होतील आणि सारे ज्ञान चित्रपटांतून दिले जाईल. त्यानंतर रेडिओ आला, दूरचित्रवाणी आली. आपल्या देशात १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर ‘साइट’ नावाचा उपग्रह-दूरचित्रवाणी प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत चालला. पुण्यात १९८४ मध्ये ‘बालचित्रवाणी’ स्थापन झाली. तिचे कार्यक्रम पाहिलेली पिढी आज चाळिशी ओलांडून गेली आहे, आणि त्यांपैकी काही कार्यक्रमांची गुणवत्ता आजच्या अनेक ‘ॲनिमेटेड’ धड्यांपेक्षा सरस होती, असे या लेखकाचे मत आहे. २०१७ मध्ये ती संस्था बंद झाली. वर्ग मात्र होते तसेच चालू राहिले.

यावरून दृक्-श्राव्य साधने निरुपयोगी ठरतात, असे मुळीच नाही. चित्र दाखवून शिकविणे ही फार जुनी रीत आहे. आपल्याच जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० मध्ये झालेल्या उत्खननात प्राचीन स्तूपाचे अवशेष आणि शिल्पांकित स्तंभ मिळाले. त्यांतील एका स्तंभावर मुचलिंद नाग कोरलेला असून त्याचे नावही ब्राह्मी लिपीत दिलेले आहे. ज्या काळी वाचता येणारे विरळा होते, त्या काळी ते शिल्प म्हणजे लोकांपुढे मांडलेला चित्रफलकच होता. परंतु शिल्प पाहणाऱ्याला त्यामागची कथा सांगणारा कोणीतरी तेथे उभा असावा लागे. साधन आणि सांगणारा यांची ही जोडी वैनगंगेच्या खोऱ्यात दोन हजार वर्षांपासून परिचित आहे.

संगणकाच्या युगात मात्र सांगणाऱ्याला वगळून पाहण्याचे प्रयोग हेतुपुरस्सर झाले. ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचा भारतातील पहिला प्रयोग २००७ साली रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैराट या लहानशा गावी झाला. हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप हाती धरलेल्या तेथील मुलांची छायाचित्रे तेव्हा वृत्तपत्रांतून झळकली होती. याच उपक्रमाखाली दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाने आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. तेथील ३१९ ग्रामीण शाळांचा काटेकोर अभ्यास करण्यात आला, तेव्हा गणित आणि भाषा या विषयांतील प्रगतीत काहीही फरक आढळला नाही. मुले यंत्र सफाईने हाताळू लागली होती, एवढे खरे. पण यंत्र हाताळता येणे आणि भागाकार समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. दिल्लीत सहावी ते नववीच्या ६१९ विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या मुलांना शाळेच्या वेळेबाहेर एका केंद्रात सुमारे साडेचार महिने शिकण्याची संधी देण्यात आली. तेथील संगणक-प्रणाली प्रत्येक मुलाची पातळी तपासून त्याला तेथूनच पुढे नेत असे. सातवीत बसलेल्या मुलाचे गणित चौथीच्या पातळीवर अडलेले असेल, तर यंत्र त्याला चौथीचेच उदाहरण देई. या मुलांची गणितातील व हिंदीतील प्रगती केंद्रात न आलेल्या मुलांच्या दुपटीहून अधिक झाली. आपल्यापैकी ज्यांनी साठ मुलांचा वर्ग सांभाळला आहे, त्यांना याचे मर्म तत्काळ कळेल. पाठ्यक्रम एकाच पातळीचा, मुले मात्र पाच पातळ्यांची. अशा वेळी शिक्षक मधल्या मुलांना डोळ्यांपुढे ठेवून शिकवितो आणि खालची मुले वर्षानुवर्षे मागील बाकावर गप्प बसून राहतात. यंत्राला साठ मुलांना साठ वेगळी उदाहरणे देता येतात, आणि शंभराव्या चुकीनंतरही त्याचा आवाज चढत नाही. हे त्याचे सामर्थ्य नाकारणे हा निव्वळ व्यावसायिक मत्सर होय. मात्र त्याच केंद्रांत प्रत्येक बैठकीचा अर्धा वेळ लहान गटात एका माणसाच्या मार्गदर्शनाखाली जात असे, हेही त्याच अभ्यासात नमूद आहे. प्रगतीचे श्रेय वाटताना हा भाग सोयीस्करपणे गाळला जातो.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचा तुर्कस्तानातील एक प्रयोगही ध्यानात घेण्याजोगा आहे. तेथील सुमारे एक हजार माध्यमिक विद्यार्थ्यांपैकी काहींना गणिताचा सराव करताना उत्तर देणारे संभाषण-यंत्र वापरू दिले. सरावात त्यांची कामगिरी ४८ टक्क्यांनी उंचावली. नंतर यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा ज्यांना यंत्र कधीच मिळाले नव्हते अशा मुलांपेक्षा ती १७ टक्क्यांनी मागे पडली. दुसऱ्या एका गटाला दिलेले यंत्र आयते उत्तर न देता केवळ इशारे देईल, अशी रचना शिक्षकांच्या साहाय्याने केली होती. त्या गटाचे असे नुकसान झाले नाही. उत्तर केव्हा द्यावे यापेक्षा केव्हा देऊ नये, हे कळणे अध्यापनात अधिक अवघड आहे. यंत्राला ते जमले तेथे त्यामागे शिक्षकांचा अनुभव होता.

आता डॉ. सुगत मित्रा यांच्या प्रयोगांकडे वळू. कारण ‘शिक्षकाविना शिक्षण’ म्हटले की त्यांचेच नाव पुढे केले जाते. १९९९ साली दिल्लीतील कालकाजी येथे झोपडवस्तीलगतच्या भिंतीत त्यांनी एक संगणक बसविला आणि मुले कोणी न शिकविता तो वापरू लागली. या प्रयोगाची कीर्ती जगभर झाली. त्यांनीच पुढे दक्षिण भारतातील कालिकुप्पम येथे केलेल्या प्रयोगाची चर्चा मात्र फारशी होत नाही. तमिळ बोलणाऱ्या दहा ते चौदा वर्षांच्या मुलांनी इंग्रजीतील जैवतंत्रज्ञान आपले आपण शिकावे, अशी ती योजना होती. मुलांनी केवळ संगणकाच्या बळावर सुमारे ३० टक्के गुणांपर्यंत मजल मारली, आणि ही गोष्ट खरोखर विस्मयकारक आहे. त्यापुढे मात्र गाडी सरकेना. तेव्हा त्या विषयाचे ज्ञान नसलेल्या, पण मुलांशी स्नेह असलेल्या एका तरुणीला तेथे येऊन बसण्यास सांगितले. नातवंडांच्या मागे उभी राहून ‘अरे वा, हे कसे केलेस? मला दाखव ना’ असे म्हणणाऱ्या आजीसारखे तिने वागावे, इतकीच अपेक्षा होती. गुण ५० टक्क्यांपर्यंत गेले. ज्याने शिक्षकावाचून शिकता येते असे जगाला सांगितले, त्याच संशोधकाला आपल्या पद्धतीची मर्यादा एका माणसाच्या उपस्थितीने ओलांडावी लागली.

त्या तरुणीने काही शिकविले नाही. तिने केवळ पाहिले आणि मुलांना आपण पाहिले जात आहोत हे जाणवू दिले. या ‘पाहण्या’ला शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांतून फार थोडी जागा मिळते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग आपल्या सर्वांना ठाऊक आहे. पण या दृष्टीने तो पुन्हा वाचण्यासारखा आहे. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा नियमाने पुस्तक वाचीत बसलेला कृष्णराव अर्जुन केळुसकर यांच्या दृष्टीस पडे. केळुसकर गुरुजी विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलचा विद्यार्थी होता. म्हणजे तो मुलगा त्यांच्या वर्गातला नव्हता, त्यांच्या शाळेतलाही नव्हता. त्याच्या निकालाची जबाबदारी त्यांच्यावर नव्हती. तरीही त्यांनी त्याची विचारपूस केली, त्याला पुस्तके पुरविली, मॅट्रिक उत्तीर्ण झाल्यावरच्या सत्कारसभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले आणि पुढे सयाजीराव महाराजांकडून शिष्यवृत्ती मिळावी म्हणून खटपट केली. आज एखादी प्रणाली त्या मुलाच्या वाचनाचा वेग मोजू शकली असती, त्याला पुढील पुस्तकाची शिफारसही करू शकली असती. पण महाराजांच्या भेटीला त्याच्याबरोबर कोण गेले असते? ज्या समाजाला कोठेही कोणाची ओळख नव्हती, त्या समाजातील मुलासाठी आपली ओळख खर्ची घालणारा माणूस हाच शिक्षक होता. सुस्थितीतील घरच्या मुलाला हे काम करणारे काका-मामा असतात. ज्याच्या घरात तो पहिलाच दहावीपर्यंत पोहोचला आहे, त्याच्यासाठी ही सारी नाती एका शिक्षकात एकवटलेली असतात. शिक्षकाच्या जागी यंत्र बसविण्याची किंमत प्रथम कोण मोजील, हे यावरून समजावे.

आपल्या भागापुरता आणखी एक मुद्दा आहे आणि तो भाषेचा आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या झाडीपट्टीतील मूल शाळेत येते ते झाडीबोली घेऊन. तुमसरकडील काही मुले पोवारी घेऊन येतात, काहींच्या घरी गोंडी असते. झाडीबोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ नाहीत, ‘श’ आणि ‘ष’ही नाहीत. मूल ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणते, ‘डोळा’ला ‘डोरा’ म्हणते, ‘शेत’ला ‘सेत’ म्हणते. हल्ली मुलांकडून मोठ्याने वाचून घेऊन चुका दाखविणारी ॲप्स आली आहेत. प्रमाण उच्चारांवर घडविलेले असे यंत्र या मुलाचा प्रत्येक तिसरा शब्द चुकीचा ठरवील. वास्तविक तो मुलगा अक्षर ओळखतो, शब्द वाचतो, अर्थही जाणतो. त्याने केवळ आपल्या आईच्या उच्चारांत वाचले आहे. ज्याला वाचताच येत नाही असा मुलगा आणि जो अस्खलित वाचून ‘डोरा’ म्हणतो असा मुलगा, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. या मातीतला, किंवा येथे येऊन कान तयार केलेला शिक्षक हे अंतर एका वाक्यात ओळखतो. तो पहिल्याला अक्षरे शिकवितो. दुसऱ्याला म्हणतो, ‘घरी डोरा, पुस्तकात डोळा, दोन्ही आपलेच.’ मुलाच्या बोलीचा अवमान न करता त्याला प्रमाणभाषेच्या उंबऱ्यावर आणणे हे फार नाजूक काम आहे. बोलीमुळे वर्गात हशा झाला आणि त्यानंतर वर्षभर तोंड उघडले नाही, अशी मुले प्रत्येक अनुभवी शिक्षकाने पाहिली आहेत. उद्या झाडीबोली समजणारी यंत्रेही निर्माण होतील आणि व्हावीत; पण त्यांना ती बोली शिकविण्यासाठीही प्रथम कोणाला तरी ती मुलांच्या तोंडून मन लावून ऐकावी लागेल.

शिक्षकावाचून शाळा कशी चालते, याची परीक्षा महासाथीने घेतली. मार्च २०२० मध्ये शाळा आणि वसतिगृहे बंद झाली आणि निवासी शाळांतील मुले आपापल्या गावी परतली. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’सारखी कल्पक मालिका सुरू झाली, शिक्षकांनी मोबाइलवर धडे पाठविले. ‘असर’ या ग्रामीण भारताच्या पाहणीनुसार घरी स्मार्टफोन असलेल्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२० मध्ये ६१.८ आणि २०२२ मध्ये ७४.८ टक्क्यांवर गेले. याच काळात दुसरीचा उतारा वाचू शकणाऱ्या तिसरीच्या मुलांचे प्रमाण २७.३ टक्क्यांवरून २०.५ टक्क्यांपर्यंत घसरले. शाळा उघडल्यानंतर, २०२४ मध्ये, ते पुन्हा २७.१ टक्क्यांवर आले. घरात फोन असणे म्हणजे तो मुलाच्या हाती असणे नव्हे, हे मान्य; रोवणीच्या दिवसांत तो बापाच्या खिशात बांधीवर जाई आणि संध्याकाळी परत येईपर्यंत पाठ संपलेला असे. तरीही यंत्रे दुपटीने वाढली असताना वाचन घटले आणि शाळेचे दार उघडताच ते सावरले, हा अनुक्रम दुर्लक्षिण्याजोगा नाही.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे उदाहरण येथे द्यावयास हवे, कारण ते तंत्रज्ञानाच्या बाजूने दिले जाते. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, आणि त्यांना २०२० साली दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांत वाटून दिली. क्यूआर कोड ही तेव्हाही काही नवलाची वस्तू नव्हती. त्या सीमाभागातील मुलांची घरची भाषा कानडी आहे, हे ओळखून पुस्तकातील मजकूर त्यांना समजेल अशा भाषेत आणण्याचे कष्ट एका माणसाने घेतले. ते कोडमागे लपलेले असल्याने दिसत नाहीत. पुरस्काराच्या नावातच शिक्षक आहे.

मग भीती कशाची बाळगावी? यंत्र शिक्षकापेक्षा चांगले शिकवील याची नव्हे. यंत्र ‘पुरेसे’ शिकविते असे कारण सांगून शिक्षकाची जागा रिकामी ठेवली जाईल, ही खरी भीती आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुले असली तरी दोन शिक्षक ठरवून दिले आहेत. कायद्याने तेथे माणसे मोजली आहेत, पडदे मोजलेले नाहीत. परंतु २०२३ मध्ये महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या सुमारे १५ हजार शाळा होत्या, आणि त्याच वर्षी अशा शाळांऐवजी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव शासनाने मागविले, तेव्हा जंगलकाठच्या आणि नदीपलीकडच्या गावांतून स्वाभाविकपणे अस्वस्थता पसरली. अशा चर्चेत ‘ऑनलाइन वर्ग’ हा शब्द फार सहज येतो. युनेस्कोच्या अंदाजानुसार २०३० पर्यंत जगात ४ कोटी ४० लाख शिक्षक कमी पडणार आहेत. ही तूट यंत्रांनी भरून काढण्याचा मोह सर्वच सरकारांना होईल. त्या वेळी महानगरांतील महागड्या शाळा मात्र आपल्या माहितीपत्रकात ‘वीस मुलांमागे एक शिक्षक’ असेच छापतील. श्रीमंताच्या मुलाला माणूस आणि गरिबाच्या मुलाला पडदा, ही विषमता नव्या रूपातील जुनीच विषमता असेल. तिला आधुनिकतेच्या नावाखाली संमती देता कामा नये.

शिक्षकांनीही मात्र एक गोष्ट ऐकून घ्यावी. जो शिक्षक मार्गदर्शिकेतील उत्तरे फळ्यावर उतरवितो आणि मुलांना ती वहीत उतरवून घ्यावयास सांगतो, त्याचे काम यंत्र आजच अधिक सुवाच्य अक्षरांत करू शकते. त्याच्या बचावासाठी हा लेख लिहिलेला नाही.

निवासी शाळेत या विचाराला व्यवहाराचे रूप देणे सोपे आहे, कारण येथे शिक्षकाचा दिवस घंटेबरोबर संपत नाही. नव्याने आलेला सहावीचा मुलगा पहिल्या आठवड्यात ताट तसेच ठेवून उठतो, सुटीहून उशिरा परतलेली मुलगी घरी काय घडले ते सांगत नाही, पत्र किंवा फोन न आलेला मुलगा सायंअभ्यासात एकच पान तासभर उघडे ठेवतो. या गोष्टी कोणत्याही प्रगतिपत्रकात नसतात आणि तरीही त्या आठवड्यातले सारे गणित त्यांवर अवलंबून असते. म्हणून आपल्या शाळांनी यंत्रांची कामे ठरवून द्यावीत. पाढे, शब्दसंपत्ती, इंग्रजी उच्चार यांचा सराव. प्रयोगशाळेत दाखविता न येणारे प्रयोग. हृदयाची रचना, ज्वालामुखीचा उद्रेक, ग्रहणाची हालचाल. हजेरी, गुणांची बेरीज आणि कार्यालयाला द्यावयाचे असंख्य तक्ते. या शेवटच्या कामांत आज शिक्षकाचा किती वेळ जातो, हे शिक्षकालाच ठाऊक! यंत्राने तो वेळ वाचविला की, तो दुसऱ्या तक्त्यांनी भरला जाऊ नये, याची दक्षता मुख्याध्यापकांनी आणि संस्थाचालकांनी घ्यावयाची आहे. वाचलेल्या वेळेतून आठवड्याला निदान दोन तास वेळापत्रकात लेखी राखून ठेवावेत, आणि त्या तासांना प्रत्येक शिक्षकाने चार-चार मुलांना घेऊन, पुस्तक न उघडता, झाडाखाली बसावे. कोणत्या चौघांपासून आरंभ करावा, असा प्रश्न पडल्यास वर्षभरात ज्यांचे नाव एकदाही वर्गात उच्चारले गेले नाही, त्यांची यादी हजेरीपटावरून काढता येते.